भाचीचे जंतू आणि घरचं विरजण

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी, आमच्या घरात फ्रिजच्या मधल्या कप्प्यावर, डाव्या कोपऱ्यात, विरजणाची वाटी असते. ती तिथून हलत नाही. हे विरजण लग्नानंतर माहेराहून आणलं आणि आजवर एकदाही तुटलं नाही, असं माझी बायको सांगते. या दाव्याला स्वतंत्र दुजोरा मिळालेला नाही. पण रोज त्यातलं चमचाभर कोमट दुधात जातं, लागलेल्या दह्यातलं चमचाभर परत वाटीत येतं, आणि गल्लीत कुणाचं विरजण बिघडलं की त्या घरची रिकामी वाटी आमच्या दारात येते. दिवे लागल्यावर मात्र ती विरजण देत नाही. फारच कुणी अडलं तर आधी त्याच्याकडून काहीतरी घ्यायचं, लिंबू म्हणा, मिरची म्हणा, आणि मग द्यायचं. वाटी परत नेणाऱ्याला ती दरवेळी तेच बजावते: "आमचं बिघडलं तं तुमच्याच घरी येईन मी." अजून ती कुणाच्या घरी गेलेली मी पाहिलेली नाही.

मोहाची फुलं पडायला लागली होती त्या दिवसांत माझी भाची दुपारच्या एसटीने मूलला उतरली. भाची म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी, अहेरीची. चंद्रपूरच्या एका कॉलेजात ती सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करत होती. विषय असा, की प्राणवायूमुळे जंतूंच्या डीएनएला जी इजा होते ती ते स्वतः कशी दुरुस्त करतात. मी हा विषय एकदा चहाच्या टपरीवर सांगितला, तेव्हा पेपरात तोंड घातलेल्या एकाने मान वर न करता विचारलं होतं, "जंतूयच्यात बी मिस्त्री असते का भाऊ?" वार्ताहरकीत इतकी वर्षं काढूनही इतका नेमका प्रश्न मला सुचला नव्हता.

चंद्रपूरहून अहेरीचा सरळ रस्ता गोंडपिपरीवरून जातो. भाचीने वाट वाकडी केली होती. तिच्या हातात थर्माकोलचा डबा होता, आणि तो तिने मला धरू दिला नाही.

हकिगत अशी. कॉलेजच्या डीप फ्रीझरने सुट्टीच्या दिवशी मान टाकली. सोमवारी दार उघडलं तेव्हा आतल्या कुप्या वितळून बसल्या होत्या. भाचीने वाचवता आलं ते वाचवलं. त्यातला एक वाण असा होता की तो गेला तर तिचा शेवटचा प्रयोग होणार नव्हता. प्रयोग झाला नाही तर प्रबंध अडकणार होता, कारण मार्गदर्शक पावसाळ्याआधी निवृत्त होणार होते. तिच्या भाड्याच्या खोलीत कूलर होता, फ्रिज नव्हता. अहेरीला बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि तिथल्या विजेवर जंतूंचा काय, माणसांचाही भरवसा नव्हता. म्हणून मूल.

तिने डबा स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडला. आत गढूळ पाण्याच्या दोन नळ्या, एकीचं टोपण लाल, दुसरीचं निळं. बाजूला फिक्या पिवळ्या, स्वच्छ रसाच्या बऱ्याच नळ्या. तो रस म्हणजे जंतूंचं खाद्य. चंद्रपूरला परतल्यावर लागणार होतं, पण खोलीत फ्रिज नाही म्हणून तेही सोबत आणलेलं.

"हे का होय वो?" बायकोने विचारलं. ती सुपात तांदूळ निवडत होती.

"जंतू होय मामी."

"कशातले?"

भाचीने माझ्याकडे पाहिलं. जंतू ई. कोलाय होते, मूळचे माणसाच्या आतड्यातले, पण प्रयोगशाळेत असंख्य पिढ्या काढून निरुपद्रवी झालेले.

"कॉलेजातले," ती म्हणाली.

उत्तर खरं होतं. अपुरं होतं, पण खरं होतं.

"आन तू त्यायचं का करून राह्यली?"

"त्यायले प्राणवायूनं इजा होते ना, ती कशी सुधरवते ते पाहून राह्यली."

"प्राणवायूनं इजा होते? त्याच्यावरच तं जगते सारे."

"त्याच्यावरच जगते आन त्याच्यानंच गंजते. तुह्या विळ्याले जंग नाई लागत?"

बायकोने विळ्याकडे पाहिलं आणि मुद्दा मान्य केला.

यापुढचं मी तेव्हा ऐकलं तसं देतो. पेशी श्वास घेते तेव्हा प्राणवायूची काही चवताळलेली रूपं तिच्या आत तयार होतात. त्यातलं एक हायड्रोजन पेरॉक्साइड. जखमेवर टाकलं की फेस येतो, तेच. पेशीतल्या लोहाशी त्याची गाठ पडली की त्याहून चवताळलेला कण निघतो, आणि तो समोर येईल त्याला चावतो. डीएनए समोर आलं तर डीएनएला. डीएनएची अक्षरं चार: ए, टी, जी, सी. दोन पट्ट्या समोरासमोर, ए समोर टी, जी समोर सी. या चौघांत चावा सगळ्यात लवकर लागतो तो जीला.

भाची हे असंच सांगत राहिली असती तर बायको तांदळाकडे वळली असती. पण ती मामीला ओळखून होती.

"हे पाय मामी. जी पोरगा, सी पोरगी. ह्यायची सोयरीक पक्की."

"बरं."

"पेशीचे दोन होते त्या वक्ती साऱ्या जोड्या सुटते. आन ज्याले त्याले नवीन जोडीदार पाहा लागते."

"साऱ्यायचाच काडीमोड?"

"साऱ्यायचा. पण पुन्हा तशीच सोयरीक. जीले सी, सीले जी."

"मंग मोडता कायले?"

"त्याच्याबिगर घर नाई वाढत. आता आयक. जीले चावा लागला का तो बिघडते. मंग नवीन जोडी लावताना सी सोडून एच्या घरी जाऊन बसते."

"हलकट," बायको म्हणाली, आणि सूप खाली ठेवलं.

जंतूंकडे या घोटाळ्यावर तीन कामगार असतात. पहिला वेशीवर. बिघडलेला जी मोकाट फिरत असेल, अजून पट्टीत बसला नसेल, तर हा त्याला तिथेच निकामी करतो. दुसरा पट्टीवरून चालत जातो आणि आत बसलेला बिघडलेला जी उपटून चांगला बसवतो. तिसऱ्याचं काम उशिराचं. दुसऱ्याच्या हातून सुटून बिघडलेल्या जीची ए-शी सोयरीक होऊनच गेली असेल, तर हा ती मोडतो. मोडतो म्हणजे समोरच्या एला, त्या नव्या पोरीला, काढतो.

"पोरीले?" बायकोचा आवाज चढला. "बिघडला पोरगा, आन घरी पाठवते पोरीले?"

"पयले पोरीले. तिच्या जागी सी आणते. मंग दुसरा येते आन पोराले काढते."

"पोराले पयले काढाले का झालं?"

"पोराले पयले काढलं तं समोर ए बसूनच आहे ना. एच्या समोर टीच बसवा लागते. मंग जीच्या जागी कायमचा टी. चूक पक्की झाली, आता कोनाले दिसत बी नाई."

बायकोने बोटांवर जोड्या लावून पाहिल्या. "हे बराबर आहे," ती म्हणाली. "माह्या आतेबहिणीकडं असंच उलटं केलं लोकायनं. आजपर्यंत निस्तरून राह्यले." मग तिने लाल टोपणाकडे बोट दाखवलं. "ह्यायच्यात बी हे तिघं आहे?"

"ह्याच्यात पयला आहे. दुसरा नाई आन तिसरा बी नाई. मीच काढून टाकले."

"तू?"

"प्रयोगासाठी, मामी. दोघं नसले तं का होते ते पाहाले. निळ्यात सारे आहे."

"म्हणजे ह्यायच्या सोयरिकी पाहाले कोनीच नाई?"

"कोनी नाई."

"पोरके केले तू त्यायले," बायको म्हणाली, आणि लाल टोपणाची नळी तिने स्वतः उचलून विरजणाच्या वाटीशेजारी ठेवली. भाचीने सांगितलं, थंड जागी असू दे, झोपून राहतील. त्यांना खाऊ घालू नको, असं ती म्हणाली नाही. प्रयोगशाळेत हे कुणाला सांगावं लागत नसणार.

भाची अहेरीला गेली. दुसऱ्या दिवशी फ्रिज उघडून बायको बराच वेळ उभी राहिली. नळ्यांमधली गढूळता खाली बसली होती, वर नितळ पाणी आलं होतं. थंडाव्यात जंतू तळाला बसतात, त्यात काही विशेष नाही. पण विरजणाच्या बाबतीत पाणी सुटणं हे उपासमारीचं लक्षण, आणि आमच्या स्वयंपाकघरात लक्षणं विरजणावरून ओळखली जातात.

पुढची कारवाई तिने शिस्तीत केली. लांब दांड्याचा चमचा उकळत्या पाण्यात ठेवला. पिवळ्या रसाची एक ताजी नळी उघडली, लाल टोपणातले चार थेंब तिच्यात सोडले. चमचा पुन्हा उकळून निळ्याचंही तसंच केलं. एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही, असं तिच्या घरात होत नाही. टोपणं तीच ठेवली, लाल ते लाल, निळं ते निळं. दोन्ही नळ्या पंच्यात गुंडाळून शेगडीवरच्या फळीवर ठेवल्या, जिथे दही लागतं. जुन्या नळ्या उकळून धुऊन पालथ्या घातल्या. संध्याकाळी नव्या नळ्या गच्च गढूळ झाल्या होत्या.

"पाहा," ती मला म्हणाली, "कसे टवटवीत झाले."

मी विचारलं, भाचीने सांगितलं होतं का असं करायला.

"हे सांगा लागते का?"

भाची परत येईपर्यंत हे रोज चाललं, दिवसा फळीवर आणि रात्री फ्रिजमध्ये. अहेरीहून फोन यायचा, बहिणीच्या डोळ्याची पट्टी निघाली, तिला टीव्हीवरचं ठळक दिसायला लागलं, बारीकही दिसायला लागलं. जंतूंची चौकशीही व्हायची. "मजेत आहे," बायको सांगायची. भाचीला वाटायचं, मामी गंमत करते आहे.

ती आली ती थेट फ्रिजकडे गेली. नळ्या हातात घेतल्या, उजेडात धरल्या.

"मामी, ह्या नळ्या कोनी बदलल्या?"

"मी. रोज," बायको म्हणाली. वाक्यात अभिमान होता. "तुह्या त्या पिवळ्या पाण्यातलंच देलं. चमचा उकळून."

"जुन्या कुठी आहे?"

"धुतल्या."

"पयल्या दिवशीची?"

"ती तं पयल्याच दिवशी धुतली."

भाची ओट्याला टेकली. आधी वाटलं ती रडेल. मग वाटलं हसेल. दोन्ही झालं नाही.

नुकसान काय झालं, ते स्पष्ट करायला हवं. बाहेरचे जंतू शिरले असते तर बिघडलं नसतं. तिच्या लाल वाणात एका औषधाला दाद न देण्याची खूण घातलेली होती. ते औषध घातलं की परके मरतात, आपले उरतात. पण परकं कुणी आलंच नव्हतं. चार थेंबांपासून नळी भरेपर्यंत जंतू एकाचे दोन, दोनाचे चार, असे कितीदा तरी वाढतात. दर खेपेला सगळ्या जोड्या सुटतात, नव्या लागतात. निळ्या नळीत चुका झाल्या तशा दुरुस्त होत गेल्या. ती नळी शाबूत होती, आणि मामीच्या हाताला दोष नव्हता याचा तोच पुरावा. लाल नळीत चुकीच्या सोयरिकी मोडायला कुणी नव्हतं. मूलच्या फळीवर, पंच्याच्या उबेत, भरपूर खाऊन, त्या पिढ्यान् पिढ्या चालत आल्या होत्या. भाचीला हवा होता एक वाण, ज्यात नेमके दोन कामगार नाहीत आणि बाकी सगळं ठीक आहे. नळीत आता जत्रा होती. कुणाचं काय बिघडलंय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

भाचीने हे मामीला सांगितलं, जरा सौम्य करून. बायको ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "उपाशी ठेवाचं होतं तं?"

"हाव मामी."

"सांगाचं होतं ना वो मंग."

बायकोने पोहे केले. भाचीने ते खाल्ले नाहीत, नुसते ताटात सरकवत राहिली. थोड्या वेळाने बायको समोर येऊन बसली.

"तू हे कोनाले देलं नाई का कधी?"

"का?"

"हे लाल विरजण. कोनाले तं देलं असशीन. आपण देतो, मंग आपलं बिघडलं तं त्याच्याकडून आणतो."

भाचीने पोहे पुन्हा ताटाच्या कडेला सरकवले. हे सरकवणं आधीच्यापेक्षा वेगळं होतं. मुलाखती घेणाऱ्या माणसाला ते ओळखता येतं. माहिती आहे, द्यायची नाही.

"देलं होतं," ती शेवटी म्हणाली. "नागभीडच्या मैत्रिणीले. ती आता तिकडंच कॉलेजात शिकवते."

"मंग जा ना नागभीडले. गाडी तं जाते."

"आमी बोलत नाई."

भांडणाचा तपशील असा. दोघी एकाच प्रयोगशाळेत होत्या, एकाच खोलीत राहत. मैत्रिणीला जेवणात दही लागे, आणि कूलरच्या वाऱ्यात खोलीवर ते लागत नसे. म्हणून तिने वाटी इन्क्युबेटरमध्ये ठेवायला सुरुवात केली. इन्क्युबेटर म्हणजे जंतू उबेला ठेवायचं कपाट. दही अप्रतिम लागे, हे भाचीनेही कबूल केलं. पण नियम तो नियम. तिने मार्गदर्शकांना सांगितलं. त्यांनी मैत्रिणीला सगळ्यांसमोर झापलं. त्या दिवसापासून दोघींची तोंडं दोन दिशांना.

"दही लावलं," बायको म्हणाली. "चोरी केली का कोनाची?"

"मामी, त्या कपाटात आतड्यातले जंतू असते!"

"आतड्यातले?"

भाचीच्या लक्षात आलं, पण उशीर झाला होता. बायकोची नजर फ्रिजकडे गेली, तिथून शेगडीवरच्या फळीकडे, तिथून लांब दांड्याच्या चमच्याकडे. तो चमचा त्याच दिवशी स्वयंपाकघरातून हद्दपार झाला. सध्या तो अंगणातल्या कढीपत्त्याच्या मुळाशी माती उकरायला आहे.

फोन करून मागावं, असं मी सुचवलं. "ती कापते फोन," भाची म्हणाली. मार्गदर्शकांनी नव्याने वाण मागवून दिला असता, पण तो यायला, तपासायला पावसाळा उजाडला असता. नागभीडला जाणं हाच एक रस्ता राहिला, आणि तो भाचीला पेरॉक्साइडसारखा झोंबत होता.

नागभीडची रेल्वे दुपारची होती. सकाळपासून बायकोने भाचीला बोलायला सुरुवात केली. "दह्यासाठी मैत्रीण तोडली." थोड्या वेळाने, "पीएच.डी. करते म्हणे." मग, "तिनं दार लावून घेतलं तं उभीच राह्यजो बाहेर." भाची आधी चिडली. तिसऱ्या-चौथ्या टोमण्याला हसली. मग मला म्हणाली, जंतूंना आधी पेरॉक्साइडची थोडी मात्रा दिली तर ते सावध होतात, तोड तयार करून ठेवतात, आणि नंतरच्या मोठ्या मात्रेला टिकतात. एरवी ती मात्रा त्यांना मारते. "मामी बराबर तेच करून राह्यली." बायको तसं ठरवून करत होती की नाही, हे कळू शकलं नाही. तिने दह्याचा एक लहान डबा कापडात बांधून भाचीच्या हातात दिला.

मी सोबत गेलो. सिंदेवाहीच्या पुढे गाडी उगाच थांबली. बाहेर बांध्या, म्हणजे धान कापून गेलेली खाचरं, कोरड्या पडल्या होत्या. वेळ जावा म्हणून मी विचारलं, की एक अक्षर बिघडलं तर समोरच्यावरून कळतं, पण दोन्ही पट्ट्या एकाच जागी तुटल्या तर जंतू काय करतो?

"तं मंग घरच्या घरी नाई भागत," ती म्हणाली. "वाढत्या जंतूत डीएनएची दुसरी नक्कल असते. तुटलेलं टोक त्या नक्कलेत घुसते, जिथी सारखं आहे ती जागा शोधते, आन तिच्यावर पाहून आपलं भरून घेते."

"आणि दुसरी नक्कल नसेल तर?"

"तं मरते." ती खिडकीबाहेर पाहत राहिली. "तुमी मुद्दाम विचारून राह्यले ना मामा?"

मी मुद्दाम विचारलं नव्हतं. पण तसं म्हटलं नाही.

नागभीडला उतरलो तेव्हा दिवे लागले होते. मैत्रिणीचं घर स्टेशनपासून जवळच, आई-वडिलांचं. ती ओसरीवर पेपर तपासत बसली होती. भाचीला पाहून तिने पेन खाली ठेवलं, पण उठली नाही.

"या मामाजी, बसा," ती मला म्हणाली. मग भाचीकडे पाहून, "आन तू बी आली. आमच्या घरात काई नियम मोडून राह्यला का?"

भाचीने हा घोट गिळला. सकाळच्या मात्रेचा उपयोग होत असावा.

"मी देलेला वाण आहे का तुह्याजवळ?"

"आहे तं."

"मले पायजे. माह्या बिघडला."

"अरे बाप्पा! तुह्या बी बिघडते?"

"देशीन का?"

मैत्रिणीने ओसरीवरच्या दिव्याकडे पाहिलं. "दिवे लागले ना आता. दिवे लागल्यावर आमच्या घरून विरजण देत नाई."

भाची उभीच होती. मग तिने कापडात बांधलेला डबा पुढे केला. "मामीनं देलं."

मैत्रिणीने झाकण काढलं. दह्यावर एक हिरवी मिरची ठेवलेली होती, देठासकट. ती मिरची बायकोने ठेवलेली, हे आम्हाला दोघांनाही तेव्हाच कळलं. मैत्रीण आधी नुसती मिरचीकडे पाहत राहिली, मग हसली. आतून चमचा मागवला आणि तिथेच बसून दही खायला लागली.

"एक नंबर आहे. कोन्त्या इन्क्युबेटरात लावलं?"

"शेगडीवरच्या फळीवर," भाची म्हणाली. "त्याच फळीवर माह्ये ई. कोलाय बी होते."

चमचा हवेतच थांबला.

मग सगळी गोष्ट निघाली. फ्रीझर, पोरके जंतू, चार थेंब, पंचा, धुतलेल्या नळ्या, हद्दपार झालेला चमचा. भाची सांगत गेली आणि मैत्रीण आधी ओठ दाबून, मग ओठ न दाबता, शेवटी डोळे पुसत हसत राहिली. तिची आई बाहेर येऊन पाहून गेली. "रोज?" मैत्रीण पुन्हा पुन्हा विचारत होती. "निळ्याले बी? माय वो!" हसू ओसरल्यावर तिने एकदम गंभीर होऊन विचारलं, "ते मामीवाले फेकले तं नाई ना?"

"फ्रिजमध्ये आहे."

"फेकू नोको. इतक्या चुका साचलेले जंतू मुद्दाम कराले आपल्याले किती कंटाळा आला असता."

ती उठून आत गेली. आम्हीही मागे गेलो. तिने घरचा फ्रिज उघडला. खालच्या कप्प्यात दह्याचा एक मोठा गंज, म्हणजे उभं पातेलं, होता. तो तिने दोन्ही हातांनी बाजूला सरकवला. त्याच्या मागे प्लास्टिकच्या डबीत, घट्ट रसात टोचून झोपवलेला, भाचीच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेला, लाल वाण होता. तिला दिला त्या दिवसापासून त्याला कुणी खाऊ घातलं नव्हतं.

जंतू घरच्या फ्रिजमध्ये. दह्यामागे. भाचीने तोंड उघडलं. मैत्रीण डबी हातात धरून थांबली.

"बोल ना," ती म्हणाली. "शिस्त."

भाचीने तोंड बंद केलं. मग गंजाकडे पाहून म्हणाली, "लय मोठा गंज आहे वो तुह्या घरी."

"लय खातो आमी," मैत्रीण म्हणाली, आणि डबी तिच्या हातात दिली.

त्या दिवशी आम्ही नागभीडलाच जेवलो. भाचीने दही दोनदा घेतलं.

डबी चंद्रपूरला पोचली. परीक्षा तशी सोपी असते. घट्ट खाद्यात जालीम औषध कालवून केलेल्या चपट्या थाळीवर जंतू पसरायचे. सगळे मरतात, ज्याच्यात योगायोगाने नेमकी चूक झाली असेल तोच जगतो आणि ठिपक्याएवढा वाढतो. दुरुस्तीवाले जंतू असतील तर ठिपके तुरळक. दुरुस्ती नसेल तर थाळी देवी आल्यासारखी. निळ्याच्या थाळीवर तुरळक आले. नागभीडच्या लालच्या थाळीवर बोट ठेवायला जागा नव्हती. औषध नसलेल्या साध्या थाळीवर मात्र त्याचे सगळे ठिपके एकसारखे, निरोगी उठले. वाण खरा होता. मार्गदर्शक निवृत्त होण्याआधी शेवटचा प्रयोग झाला, आणि त्या वाणाची एक डबी चंद्रपूरला, एक नागभीडला, एक गडचिरोलीला एका ओळखीच्या फ्रिजमध्ये राहिली. मूलला ठेवण्याचा प्रस्ताव आला नाही.

मामीच्या नळीतलेही जंतू मैत्रिणीच्या आग्रहावरून साध्या थाळीवर वाढवले गेले. भाचीने त्याचा फोटो फोनवर पाठवला. मी तो मोठा करून बायकोला दाखवला. काही ठिपके चांगले टपोरे होते, काही फिके, आणि कडेला काही इतके बारीक की चष्मा लावून पाहावे लागले. त्याच वेळी बायकोच्या मोबाइलवर भाचीचा फोन आला. आतड्यातल्या जंतूंबद्दलचा राग बायकोने अजून सोडला नव्हता, तरी तिने फोटो बराच वेळ पाहिला.

"सारे माह्येच का हे?"

"हाव मामी, तूच वाढवलेले."

"आन ही बारकी काऊन?"

"त्यायच्यात काईतरी बिघडलं. चुका साचत गेल्या ना. वाढच होत नाई त्यायची."

बायकोने फोटो आणखी जवळ घेतला. "मंग खाऊ घालताना त्या बारक्यायलेच पयले देलं असतं ना," ती म्हणाली. "तू सांगतलं असतं तं."